मोहोळ टिकावे कसे?

सज्जनहो, श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने 24 गुरु सांगितले आहेत. त्यांत मधमाशीही आहे. मला मात्र तिने शिकविले ते माझ्याच चुकीतून. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

गेल्या माघात परसात सातेरी माश्यांची पेटी ठेवली. मधपाळ म्हणाला, "बुवा, आठ दिवस झाकण उघडू नका." मान हलविली खरी, पण हौस कुठे स्वस्थ बसू देते? रोज झाकण उचलायचे, राणी शोधायची, शेजाऱ्यांस दाखवायची. पाचव्या दिवशी पाहतो तो पेटी रिकामी! सारे मोहोळ उठून गेले.

दुसऱ्या वेळी त्याने सांगितले तसेच केले. पेटी सावलीत ठेवली, ती पुन्हा हलविली नाही. घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, म्हणजे मुंगळे चढत नाहीत. साखर व पाणी समभाग घेऊन पाक केला. तो दिवस मावळल्यावरच द्यावा, दिवसा दिला तर दुसऱ्या मोहोळाच्या माश्या लुटायला येतात. राणी अंडी घालणारी होती, म्हणून दाराला जाळी लावली. तीतून कामकरी माशी जाते-येते, अंगाने मोठी राणी आतच राहते. आणि मुख्य म्हणजे, दुसऱ्या निरोगी पेटीतील अंडी-अळ्यांची एक चौकट आत ठेवली. लेकरे दिसली की माश्यांचा पाय सहसा निघत नाही.

मी लांबूनच पाहत होतो. काही दिवसांनी माश्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या घेऊन आत शिरू लागल्या. मधपाळ म्हणाला, "बुवा, संसार मांडला हो त्यांनी!" मग जाळी काढली, तरी मोहोळ राहिले.

श्रोतेहो, नेमाची जाळी सुरुवातीला हवीच. पण जीव गुंतल्याशिवाय मन टिकत नाही. एक पोर माझ्याकडे हरिपाठ शिकायला येई. येईल त्या पाहुण्यापुढे मी त्याला म्हणायला लावी, चुकला की तिथेच टोकी. एके दिवशी तो यायचा थांबला. मी त्यालाच दोष दिला. रिकामी पेटी पाहिली तेव्हा कळले, की झाकण मीच रोज उचलीत होतो.

या एकादशीला त्याच्या घरी जाणार आहे. पाठ किती झाला, हे विचारणार नाही. चार घटका शेजारी बसून नाम घेईन. आपल्याही घरी कुणी नवी माळ घातली असेल, तर त्याला जरा सावली द्या.

रामकृष्णहरि.