वेशीबाहेरचा वारसा

मनुष्य आपल्या गांवाचें कांहीं देणें लागतो काय, हा प्रश्न पुण्याच्या उत्तरेकडील आमच्या मंडळ्यांपुढें आज उभा आहे. तेथें गांवामागून गांव शहराच्या पोटांत जात आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार गांवांची १९७० सालीं नगरपालिका झाली, १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली, व १९९७ सालीं चिखली, मोशी, चऱ्होली वगैरे आणखी गांवें तिच्यांत आलीं. चाकणच्या शिवारांत मोटारींचे कारखाने उभे राहिले. ज्या वाड्यांना स्वतःची ग्रामपंचायतही नाहीं, त्यांचें नांव तर बोलतां बोलतां पुसलें जातें.

म्हणून गांवोगांवचे जाणते लोक म्हणतात, आपला वारसा जपा. चाकणचा संग्रामदुर्ग पाहा. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर माणसांनिशीं शाइस्तेखानाच्या अफाट फौजेस सुमारें दोन महिने येथेंच थोपवून धरिलें. बोलणें रास्त आहे. पण तें ऐकून आमच्यांतील कित्येकांच्या मनांत दोन शंका येतात, आणि दोन्ही विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली शंका अशी कीं, ज्यांचे पूर्वज गांवकुसाबाहेर राहिले, ज्यांना गांवच्या विहिरीस शिवतां आलें नाहीं, त्यांस हा वारसा आपला कसा वाटावा? या बोलण्यांतील राग आम्ही खोटा म्हणत नाहीं. वेशीची कमान दाखवून वेशीबाहेरच्या घरांविषयीं जो मौन धरितो, तो अर्धेंच सत्य सांगतो. तथापि विचार करा, गांव राखला कोणी? रात्रीं वेशीवर जागणारा वेसकर कोण होता? दोन गांवांत शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराच्या साक्षीस मान असे, कारण हद्दीचा दगड त्यालाच ठाऊक. त्या वतनाची वेठ १९५८ च्या कायद्यानें मोडली, हें देवाचे उपकारच. पण वेठ मोडली म्हणून केलेले श्रम खोटे ठरत नाहींत. आपला वारसा कोणाच्या मेहेरबानीचा नव्हे, तो आपल्या वाडवडिलांच्या घामाचा आहे.

दुसरी शंका भाविकांची. आपलें नागरिकत्व स्वर्गांतलें, मग या दगडमातीची काळजी कशाला? यावर नाबोथाची गोष्ट आठवावी. अहाब राजा त्यास अधिक चांगला मळा किंवा रोख मोल देत होता, तरी वाडवडिलांचें वतन त्यानें विकिलें नाहीं, व त्यासाठीं प्राण दिला. देव राजाच्या बाजूस राहिला नाहीं. यहोशवानेंही यार्देनेंतून बारा धोंडे काढून उभे केले, ते पूजेसाठीं नव्हेत, तर मुलांनीं विचारावें व वडिलांनीं सांगावें म्हणून. वीरगळास शेंदूर फासणें निराळें, आणि त्यावरील धूळ झाडून हा कोण पडला हें मुलांस सांगणें निराळें. पहिलें आपण सोडिलें, दुसरें सोडण्याचें कारण नाहीं.

पण नाबोथापाशीं मळा होता, आपल्यांतील पुष्कळांपाशीं तोही नाहीं. जमीन विकली जाते तेव्हां मोल ज्याच्या नांवावर सातबारा त्याला मिळतें. ज्याच्या नांवावर कांहीं नाहीं, त्याची पाऊलवाट, गायरान, आणि कित्येक ठिकाणीं आपल्या मृतांची जागाही मुकाट्यानें जाते. म्हणून हा प्रश्न केवळ जुन्या बुरुजांचा नाहीं. तो न्यायाचा आहे. किल्ला राखण्यास बोलणारे पुष्कळ भेटतील, पण वाडीच्या दफनभूमीसाठीं बोलण्यास आपणांवांचून कोण पुढें येईल?

तेव्हां प्रत्येक उपदेशकानें दोन कामें हातीं घ्यावीं. आपल्या वाडीची दफनभूमी सरकारी दप्तरांत नोंदलेली आहे कीं नाहीं हें तलाठ्याकडे जाऊन पाहावें, व नसल्यास मंडळीच्या सह्यांनिशीं अर्ज करावा. तसेंच मंडळींतील वृद्धांकडून वाडीची हकीकत वहींत उतरून घ्यावी, पाणी कोठून आणीत, पहिली प्रार्थना कोणाच्या ओसरीवर झाली, कोणी छळ सोसला, हें सर्व. त्या वहींत गांवाचा गौरव लिहावा आणि गांवाचा अन्यायही लिहावा. सत्यावांचून प्रीति आंधळी होते, व प्रीतीवांचून सत्य कठोर होतें. दोन्ही हातांत हात घालून चालतील, तेव्हांच तो वारसा मुलांच्या हातीं देण्याजोगा होईल.