निवासी कलावंत आणि फडाची नीती

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निवासी कलावंत ही कल्पना शाळांपर्यंत नेली. जुन्नर-आंबेगाव परिसरात तिचा विचार करताना नारायणगावचा तमाशा टाळता येत नाही. यात्रांच्या हंगामात तेथे फडांच्या राहुट्या लागतात, सुपाऱ्या ठरतात; कलावंताचा निवास मात्र फिरस्तीतच असतो. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींकडून सन्मान लाभला, तरी त्यांचे वार्धक्य हलाखीतच गेले. म्हणजे कलेचा गौरव आणि कलावंताची प्रतिष्ठा या भिन्न गोष्टी होत. शाळेने गण-गौळण स्वीकारून लावणी आणि वग परस्पर वगळले, तर हाच भेद दृढ होईल. मुलांच्या वयाचा विवेक अपरिहार्यच; परंतु त्या निवडीत कलावंताचा अधिकार मान्य झाला, तरच तो शिक्षक ठरेल. अन्यथा ती आणखी एक सुपारीच.