ऐंशी मीटर

लहानपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून उडणारी ग्लायडर्स मान वर करून पाहायचो. उडवायला शिकलो मात्र जर्मनीत, नोकरीसाठी आल्यावर. दुसरं विमान दोराने ओढत तुम्हाला वर नेतं, तुम्ही दोर सोडता, आणि मग तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, शोधत फिरता. इंजिन नाही.

यात बॅज असतात. सिल्व्हरसाठी पाच तास हवेत राहायचं, १००० मीटर उंची कमवायची आणि ५० किलोमीटर अंतर कापायचं. अंतराला एक अट आहे : प्रवास १०० किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीतली घट अंतराच्या एक टक्क्याहून जास्त नको. म्हणजे पैसे मोजून खूप वर जायचं आणि नुसतं घसरत यायचं, हे चालत नाही.

मी ५६ किलोमीटर उडून दुसऱ्या क्लबच्या धावपट्टीवर उतरलो. खाली पाय ठेवल्या ठेवल्या घरच्या ग्रुपवर फोटो टाकला : ‘सिल्व्हर डिस्टन्स डन!’ संध्याकाळी लॉगरची फाइल उघडली. मी दोर सोडला तो त्या धावपट्टीपेक्षा ६४० मीटर उंचीवर. परवानगी ५६० ची.

आधी वकिली केली. माझ्या जुन्या का-८ ला एक मीटर उंचीत शांत हवेत फार तर २७ मीटर पुढे जाता येतं. ६४० मीटरांत सतरा किलोमीटर. उरलेलं अंतर हवेतूनच आलं ना? त्याच फाइलमध्ये एका थर्मलमध्ये हजार मीटरहून जास्त चढल्याची नोंद आहे, ती उंचीच्या अटीसाठी धरलीही जाईल. नियमाचा हेतू पूर्ण झालाय, मग अक्षराला का चिकटायचं?

पण हेतू पूर्ण झाला हे ठरवतंय कोण? मीच. ऑफिसात स्वतःचा कोड मी स्वतःच अप्रूव्ह करत नाही. तो वाईट असतो म्हणून नाही. स्वतःचा कोड वाचताना मला त्यात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं होतं तेच दिसतं, म्हणून.

मग ती ऐंशी मीटर आठवली. साडेपाचशेच्या आसपास हात दोराच्या पिवळ्या मुठीवर होता. हवा खाली दाबत होती. वाटलं, अजून थोडं. ते ‘थोडं’ अर्ध्या मिनिटाहून कमी होतं. फाइलमध्ये भीतीचा रकाना नसतो, पण ती ऐंशी मीटर भीतीचीच होती.

थर्मल मिळणं हे नशीबच, ते कुणाच्या कमाईचं नसतं. माझ्या हातात एकच गोष्ट होती : विकत घेतलेली सुरक्षितता कुठे सोडायची. नियम नेमकं तेवढंच मोजत होता, आणि तेवढ्यातच मी कमी पडलो. म्हणून तो मला आता जाचक वाटत नाही. अन्याय झाला असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

फाइलच्या शेवटी डिजिटल सही असते. एक आकडा बदलला तरी ती जुळत नाही. त्यामुळे फाइलबाबत प्रामाणिक राहण्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. घरच्या ग्रुपवर मात्र कुठलीच सही नव्हती. तिथे लिहिलं, ‘अंतर धरलं जाणार नाही. दोर उशिरा सोडला.’

बाबांनी विचारलं, “का रे?”

“घाबरलो होतो.”

पुढच्या वेळी पाचशेला सोडेन. कदाचित दहा मिनिटांत परत खाली येईन.