पिठाच्या कोंबड्याचं पाप

उज्जैनच्या यशोधर राजाने खरा कोंबडा कधी मारलाच नव्हता. वाईट स्वप्न पडल्याचं त्याने आईला सांगितलं, आणि राजमाता चंद्रमतीने देवीला पशुबळी द्यायचा हट्ट धरला. राजा जीव घ्यायला तयार होईना. शेवटी मायलेकांत तडजोड झाली: कोंबडा द्यायचा, पण पिठाचा. राजाने देवीपुढे त्या पिठाच्या गोळ्यावर तलवार चालवली. पुढे राणीने दोघांनाही विष घातलं, आणि त्या एका वाराचं फळ म्हणून राजा मोर झाला, आई कुत्रा झाली, आणि प्राण्यांच्या योनींतून दोघांची फरपट सुरू झाली. सोमदेवसूरींनी 959 साली ‘यशस्तिलक’मध्ये ही जैन कथा सविस्तर मांडली, पुष्पदंताने ती अपभ्रंशात सांगितली, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जन्नाने कन्नडात आणली. आपल्या काळात गिरीश कार्नाडांनी तिच्यावर नाटक लिहिलं.

पिठाला जीव नाही, रक्त नाही, वेदना तर नाहीच. मग पाप कशाचं? कथेचं उत्तर सरळ आहे. मारायचं असं मनाने ठरवलं, हात उचलला, वार केला. समोर काय होतं हा पुढचा प्रश्न.

कोहळा कापून बळीची वेळ निभावून नेणाऱ्या आपल्या मराठी घरांना ही कथा जरा अवघडच जाते. कोहळा ही सोय आहे, आणि जैन आचार्यांना नेमकी तीच सोय खुपली. अनेक जैन घरांत हत्ती-घोड्यांच्या आकाराची बिस्किटं आजही मुलांच्या हाती पडू देत नाहीत, त्यामागे हाच विचार आहे.

आता व्हिडिओ गेम खेळणाऱ्याकडे पाहू. जेवणं आटोपल्यावर तासभर हाती कंट्रोलर घेऊन बसलेला एखादा सज्जन गृहस्थ निजायच्या आत पिठाचे किती कोंबडे कापतो, याची मोजदाद यशोधराला झेपली नसती. गेममुळे मुलं हिंसक होतात का, हा मानसशास्त्रज्ञांचा वाद आहे. तो त्यांनी चालवावा. इथे प्रश्न निराळा आहे. बाहेर कुणाचाही केस वाकडा झाला नाही, तरी आत काही घडतं का? ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ मॉर्गन लक यांनी 2009 साली याच गाठीचं एक टोक पकडलं होतं. गेममधला खून बहुतेकांना चालतो, गेममध्ये लहान मुलावर अत्याचार करणं मात्र कुणालाच चालत नाही. दोन्हींत खरोखर कुणाला इजा होत नसेल, तर हा फरक आपण कशाच्या बळावर करतो, असा त्यांचा सवाल. त्यावर इंग्रजीत भरपूर चर्चा झाली. पिठाचा कोंबडा त्या चर्चेत कुणी आणला असता तर ती थोडी लवकर मुद्द्यावर आली असती.

जैन आचारशास्त्र गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगतं. रांधताना, झाडलोट करताना होते ती आरंभी. शेतीत, धंद्यात होते ती उद्योगी. स्वतःचं किंवा आपल्या माणसांचं रक्षण करताना होते ती विरोधी. आणि मारायचं म्हणूनच मारलं ती संकल्पी. पहिल्या तिन्ही संसारी माणसाला पुरत्या टाळता येत नाहीत, हे शास्त्राला मान्य आहे. चौथी मात्र सोडायलाच हवी.

हे चार प्रकार मनात धरून गेम खेळले की गंमत होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने 2020 मध्ये ‘राजी’ काढला. सर्कशीत कसरती करणाऱ्या राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि दुर्गेचं त्रिशूल घेऊन ती त्यांच्या मागावर निघते. निवेदन साक्षात विष्णू आणि दुर्गा करतात. राजस्थानी वळणाचे महाल आणि भिंतींवरची चित्रं मारामारी थांबवून बघत बसावीत अशी आहेत. मारामारी मात्र हळूहळू तीच ती वाटू लागते. पापाची टोचणी कुठेच लागत नाही, कारण भावाला सोडवायला निघालेल्या बहिणीची ही विरोधी हिंसा आहे आणि असुर हे असुरच आहेत. ‘स्टारड्यू व्हॅली’मध्ये उलटा प्रकार. शेतीच्या या गोड गेममध्ये कोंबड्या पाळायच्या, अंडी विकायची, पण कोंबडी कापायची सोयच ठेवलेली नाही. शेजारच्या खाणीत उतरलं की तोच अहिंसक शेतकरी तलवार उपसून लिबलिबीत जीवांची खांडोळी करत सुटतो, आणि रात्री शांत झोपतो.

‘डूम’सारख्या गोळीबाराच्या गेमात पडदा रक्ताने माखतो, पण खेळणाऱ्याचं चित्त गोळ्या किती उरल्या आणि पुढचं दार कुठे आहे यात गुंतलेलं असतं. बुद्धिबळात घोडा मारणाऱ्याला घोड्याची दया येत नाही, तसंच ते. म्हणजे सर्वांत रक्तबंबाळ गेम हाच सर्वांत सोवळा ठरायचा! जैन आचार्य मात्र इतक्या सहज सोडणारे नाहीत. तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या सुरूच होते ती प्रमादापासून. धुंदीत, बेसावधपणे चाललेला हात त्यांच्या लेखी निर्दोष तर नाहीच, उलट दोषाचं मूळच तिथे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातला, मारूनही न मारणारा निर्लेप कर्ता इथे ढालीसारखा पुढे करायचा मोह होतो. पण निर्लेप असणं वेगळं आणि नुसतं सरावलेलं असणं वेगळं.

संकल्पी हिंसा म्हणजे काय, हे प्रस्तुत लेखकाला एका जपानी गेमने जितकं नीट समजावलं तितकं पोथीने नाही. फुमितो उएदा यांचा ‘शॅडो ऑफ द कलॉसस’ 2005 मध्ये आला. 2018 मध्ये तो नव्याने घडवून प्लेस्टेशन 4 वर आणला गेला. एक तरुण मेलेल्या मुलीला घोड्यावर घालून निषिद्ध प्रदेशात आणतो. तिला जिवंत करायचं तर तिथले 16 महाकाय जीव मारायचे, असा सौदा ठरतो. बाकी शत्रू नाहीत, गावं नाहीत. ओसाड माळ, घोडा आणि 16 वध.

तेरावा जीव वाळवंटात राहतो. वाळू फाडून तो वर उसळतो आणि भल्या मोठ्या सापासारखा आकाशात संथ फिरत राहतो. खाली माणूस आला आहे याची त्याला फिकीर दिसत नाही. तो अंगावर येत नाही, आग ओकत नाही, शेवटपर्यंत हल्ला करतच नाही. त्याच्या पोटाखाली हवेने फुगलेल्या पिशव्या आहेत. धनुष्य ताणून, नेम धरून त्या एकेक फोडाव्या लागतात. पिशव्या फुटल्या की तो खाली उतरतो, त्याचे पंख वाळूला घासत जातात, आणि घोडा भरधाव त्याच्याशेजारी आणून पंखावर उडी मारायची. मग पाठीवरून धावत जाऊन चमकणाऱ्या मर्मस्थानात तलवार खुपसायची. त्याने फार तर पाठीवरचं ओझं घेऊन पुन्हा वाळूत बुडी मारावी. तो कोसळतो तेव्हा विजयाचं संगीत वाजत नाही. सुतकी सूर येतात, आणि मेलेल्या देहातून निघालेले काळे धागे नायकाच्या अंगात घुसतात. वधागणिक त्याचा चेहरा फिका आणि मळकट होत जातो. गेम त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. बाण सोडायला कुणी घाई केलेली नसते, वेळेची मर्यादा नसते, समोरून धोका नसतो. बटण दाबून ठेवलेलं बोट तेवढं उचलायचं असतं, आणि खेळणारा ते उचलतो. न मारायचं तर एकच मार्ग, गेम बंद करणं. तो किती जण पत्करतात?

पाश्चात्त्य गेमांनी हा प्रश्न बराच काळ आकड्यांनी सोडवायचा प्रयत्न केला. ‘फॉलआउट’ मालिकेत पूर्वी चक्क ‘कर्म’ याच नावाचं खातं असायचं. 2008 च्या ‘फॉलआउट 3’मध्ये मेगाटन नावाची वस्ती एका न फुटलेल्या अणुबॉम्बभोवती वसलेली आहे. तो फोडून सगळं गाव राखेत घातलं की कर्मातून 1000 वजा होतात. तहानलेल्या भिकाऱ्याला शुद्ध पाण्याची बाटली दिली की 50 जमा. 20 बाटल्या वाटल्या की फिट्टंफाट. हा गेम मायक्रोसॉफ्टने तेव्हा भारतात आणलाच नाही; सांस्कृतिक संवेदनशीलतेचं मोघम कारण पुढे केलं. गेममधल्या दोन डोक्यांच्या गाईला ‘ब्राह्मिन’ म्हणतात, तिच्याकडे लोकांची बोटं गेली. कर्माला वाण्याच्या वहीवर आणून बसवल्याबद्दल मात्र कुणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही.

असा हिशेब आपल्याकडेही होताच. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट, ज्याचं श्रेय मराठी परंपरा ज्ञानेश्वरांना देते, पुण्याच्या शिड्या आणि पापाचे साप घेऊन वैकुंठापर्यंत जातो. वैष्णव पट सहसा 72 घरांचे, जैनांचे 84 घरांचे. पण तिथे कवड्या पडतील तसं जायचं. दया निवडता येत नाही आणि लोभ टाळता येत नाही. संकल्पाला जागाच नाही, म्हणून पापालाही नाही. व्हिडिओ गेमने निवड दिली, पण ती देताना गुण फळ्यावर लिहून ठेवले. मग माणूस पुण्य करत नाही, गुण गोळा करतो. रिचर्ड गॅरियट यांनी 1985 सालीच यावर शहाणा तोडगा काढला होता. त्यांच्या ‘अल्टिमा 4’मध्ये राक्षसाला मारून जिंकायचं नसतं, आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचं असतं. त्यात वनौषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. किती नाणी दिली हे खेळणाऱ्याने स्वतःच सांगायचं. कमी दिली तरी ती आभार मानते. पडद्यावर काहीच दिसत नाही. पुढे कधीतरी कळतं की सचोटी कमी पडते आहे.

पोलंडच्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ने (2014) आकडा काढूनच टाकला. सारायेव्होच्या वेढ्यावर बेतलेल्या या गेममध्ये सैनिक होता येत नाही. पडक्या घरात अडकलेली तीन-चार साधी माणसं जगवायची, आणि रात्री शहरात अन्न, औषधं शोधत हिंडायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे औषधं आहेत, डबाबंद अन्न आहे, प्रतिकाराची ताकद नाही. म्हातारा मागेमागे फिरत विनवण्या करत राहतो. सगळं लुटून परतावं तर गुण कापले जात नाहीत. पण दुसऱ्या दिवशी घरातली माणसं मान खाली घालून बसतात, सांगितलेलं काम करेनाशी होतात. इथे कुणी कुणाला मारलेलं नसतं. वाटेल तेव्हा सेव्ह करायची मुभा नसल्यामुळे झालेली रात्र सहजी पुसताही येत नाही. पोलंड सरकारने 2020 मध्ये हा गेम शाळांच्या वाचनयादीत घातला, ते योग्यच केलं.

सेव्ह आणि रीलोड हा खरा पेच आहे. एखाद्याला मारायचं, कसं वाटतं ते बघायचं, आणि मागे जाऊन त्याला जिवंत सोडायचं. परिणाम पुसला, संकल्पाचं काय? बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूने ‘विंशतिका’त याच्या शेजारचा प्रश्न घेतला आहे: सगळं मनाचंच असेल तर स्वप्नातल्या कृत्याचं आणि जागेपणीच्या कृत्याचं फळ सारखं का नाही? त्याचं उत्तर असं की स्वप्नात चित्त झोपेने मंदावलेलं असतं, म्हणून फळ वेगळं. ही पळवाट गेम खेळणाऱ्याला मिळत नाही. तो टक्क जागा असतो, एरवी कचेरीत असतो त्याहून जास्त जागा.

टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ (2015) नेमका हा पेच धरून बसतो. दिसायला जुनापुराणा, चौकोनी ठिपक्यांचा गेम. सुरुवातीलाच टोरिएल नावाची मायाळू राक्षसीण भेटते, खेळणाऱ्याला घरी नेते, त्याच्यासाठी ‘पाय’ हा गोड पदार्थ भाजते, आणि बाहेरचं जग धोक्याचं म्हणून वाट अडवते. तिला थोडं जखमी करावं म्हणजे ती हटेल, या हिशेबाने वार करणाऱ्याचा शेवटचा घाव अचानक भारी बसतो आणि ती मरते. हळहळून पुष्कळ जण गेम बंद करतात, आधीच्या टप्प्यावरून पुन्हा सुरू करतात, आणि या वेळी तिला जपून सोडून देतात. दाराबाहेर फ्लॉवी नावाचं फूल वाटच बघत असतं. आधी काय केलं होतंस ते मला ठाऊक आहे, असं ते सुनावतं. सगळ्यांना वेचून मारत शेवट गाठला तर जग नाहीसं होतं, आणि ते परत हवं असेल तर आत्मा देऊन टाकावा लागतो. त्यानंतर कितीही प्रेमाने, एकालाही न दुखावता पुन्हा खेळलं, तरी आनंदाच्या शेवटाला तो डाग लागतोच. तो घालवायचा तर संगणकातली एक लपलेली फाइल शोधून पुसावी लागते. हे प्रायश्चित्त म्हणायचं की पुरावा नष्ट करणं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आत्मा गमावण्याच्या भीतीने अनेकांनी तो मार्ग स्वतः धरला नाही; दुसऱ्याने सगळ्यांना मारत नेलेला खेळ त्यांनी यूट्यूबवर आरामात बसून पाहिला. जैन शास्त्र कर्माची मोजणी कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिहेरी करतं: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून मान डोलावलेली. फॉक्स यांनी या तिसऱ्या घराचीही सोय केली आहे. त्या मार्गावर फ्लॉवी मध्येच खेळणाऱ्याला सोडून देतो आणि पलीकडे बसलेल्यांचा समाचार घेतो. निदान आपण स्वतः हे करतो आहोत. स्वतःत हिंमत नाही म्हणून दुसऱ्याला करताना नुसतं बघत बसणारे आपल्याहून वाईट, आणि असा कुणीतरी आत्ताही बघत असणार, अशा अर्थाचं तो बोलतो.