नफा कोणाचा, जबाबदारी कोणाची?

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. कारखाना युनियन कार्बाइड इंडियाचा होता, तिचे ५०.९ टक्के समभाग अमेरिकेतील मूळ कंपनीकडे होते. तरीही मूळ कंपनीची भूमिका अशी, की भारतातील कंपनी ही कायद्याने निराळी 'व्यक्ती' आहे, तिच्या कृत्यांना आम्ही उत्तरदायी नाही. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. भारत सरकारचा दावा सुमारे ३३० कोटी डॉलरचा होता. २००१ मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली. ही जबाबदारी आपल्यावर येत नाही, असे तिचेही म्हणणे आहे.

शरिअतला अशी कृत्रिम व्यक्ती अगदीच अपरिचित नाही. वक्फच्या नावे मालमत्ता असते, येणे-देणे असते, बैतुलमालचेही तसेच. या दाखल्यांवरून भागधारकांच्या मर्यादित जबाबदारीला वाव असू शकतो, असे मुफ्ती तकी उस्मानी यांनी मांडले आहे. तेव्हा आक्षेप कंपनी या कल्पनेवर नाही. पण हदीसवरून आलेला फिक्हचा एक प्रसिद्ध नियम आहे: नुकसानीची जोखीम ज्याच्या शिरावर, लाभावर हक्क त्याचा. भोपाळचा नफा समुद्र ओलांडून जाऊ शकत होता. दायित्व मात्र सीमेवर अडले.

कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, ही दिव्य कुरआनची शिकवण खरीच. मात्र हा दिलासा, ज्याने कृत्य केले नाही त्याच्यासाठी आहे. पडद्यामागून ज्याचा हुकूम चालतो, त्याला तो कसा लागू व्हावा?

एका मय्यतीवर तीन दीनार कर्ज होते. प्रेषितांनी (स.) स्वतः जनाजाची नमाज पढवली नाही, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी कर्ज स्वतःवर घेतल्यावरच पढवली. कंपनीचा जनाजा निघत नाही. ती विकली जाते, विलीन होते, नाव बदलते. पण तिच्या नावाने सही करणाऱ्या प्रत्येक माणसाचा जनाजा निघणार आहे.

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात शेअर्स आहेत, म्युच्युअल फंड आहेत. घेताना आपण आलिमांना विचारतो: व्याजाचा व्यवहार किती, दारूचा धंदा नाही ना? योग्यच आहे. ती कंपनी ज्यांचे नुकसान करते त्यांची भरपाई देते का, की उपकंपनीकडे बोट दाखवते, हे मात्र आपण अजून विचारलेले नाही.