धरणे आणि धरून उठवणे

चेन्नईतील एग्मोर येथे १८२१ साली उघडलेले सेंट अँड्र्यूज हे स्कॉटिश उपासनामंदिर आहे. त्या काळी गलबतातून इकडे आलेल्यांची आईबापांशी पुनर्भेट दुर्मीळच. एकेका प्रवासाला कित्येक महिने लागत. आज परदेशी सेवेस गेलेल्या लेकराकडे आईबाप दिवसा-दोन दिवसांत पोहोचतात. भेट सोपी झाली. पण आपण कशासाठी जातो, हा प्रश्न अवघडच राहिला.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायात प्रभू येशूला जेवायलाही सवड नाही. त्याला वेड लागले असे समजून त्याचे आप्त त्याला धरायला निघतात. यात निष्ठुरता नव्हती, काळजीच होती. लेकराची सुकलेली मुद्रा पाहून आपणही “चल घरी” म्हणतोच ना? परंतु मूळ ग्रीकमधील तेच क्रियापद मार्क १४व्या अध्यायात प्रभूच्या अटकेसाठी योजतो. मायेची पकडही बेडी होऊ शकते.

तथापि १ल्या अध्यायात प्रभू तापाने फणफणलेल्या शिमोनाच्या सासूचा हात धरून तिला उठवतो, तेथेही शब्द तोच. भाषांतर करताना येथे माझी लेखणी थबकली. उठलेली ती बाई लगेच सेवेला लागते.

मरीया पुढे वधस्तंभाजवळ उभी राहिली. पुत्राला खाली उतरवणे तिच्या हाती नव्हते, तरी ती दूर गेली नाही. वाचकहो, लेकराच्या सेवास्थानी गेलात की त्याचा हात अवश्य धरा. आजारी असेल तर घरीही आणा. पण तो उभा असेल, तर निघताना हात सोडण्याचे बळ प्रभूजवळ मागा.