फुकटची मासळी आठवली, विटा विसरलात

तरुण संघाच्या पोरापोरींनो, मंडळीच्या वर्धापनदिनाचा तुमचा कागद मी काल रात्री दोनदा वाचला. आता बसा आणि ऐका. मध्ये कुणी बोलायचं नाही.

तीन दिवसांचा कार्यक्रम. जुने फोटो, जुन्या आठवणी, जुनी गाणी, मिशन बंगल्याची प्रतिकृती. आपल्या शब्बाथशाळेत आज अकरा मुलं उरली आहेत. त्यांच्यासाठी या कागदावर एक ओळ नाही. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?

उठता-बसता तुमच्या तोंडी एकच, ‘मिशनचा काळ राहिला नाही.’ अरे, तुमच्यातल्या एकाने तरी तो काळ पाहिलाय का? आजीने सांगितलेलं बोर्डिंगातलं दूध तेवढं धरून बसलात. नगरच्या खेड्यापाड्यांत आपल्या पहिल्या माणसांना गावच्या विहिरीत पोहरा टाकू देत नव्हते, बाप्तिस्मा घेतला म्हणून भावकीने तोडलं, ते कुठे गेलं? मिसरातून सुटलेल्या लोकांनी रानात हेच केलं. फुकटची मासळी, काकड्या, कांदे, लसूण आठवून रडले आणि विटा थापताना पाठीवर बसलेले फटके विसरले. बायबलातल्या गणनेचा अकरावा अध्याय. तुम्ही नववीत होता तेव्हा मीच शिकवला. उत्तरं पाठ केलीत, आत काही उतरलं नाही.

आठवण ठेवू नका, असं मी म्हणत नाही. प्रभुभोजन प्रभूने स्वतःच्या स्मरणासाठीच नेमलं. पण त्याच मेजाशी आपण त्याच्या येण्याची वाटही बघतो. मागचं स्मरण आणि पुढची वाट, दोन्ही त्या एका घासात आहेत. तुम्ही अर्धाच घास गिळताय.

कवी ना. वा. टिळकांचा फोटो सगळ्यांत मोठा लावणार म्हणता. लावा. खाली हेही लिहा, की १९१७ साली, पंचावन्न वर्षांच्या वयात, या माणसाने मिशनची पगाराची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्तावर जीव असलेल्या प्रत्येकाला तिथे जागा होती. पुढे काय होईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोनच वर्षांत ते गेले, ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य अपुरं राहिलं. ते हाती घेतलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईने, आणि टिळकांनी लिहिलं त्याहून कितीतरी जास्त लिहिलं. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ साली वारली. तरी रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या भाषांतराला चिकटून राहिल्या, आणि ते काम हातावेगळं करूनच १९२२च्या एप्रिलात गेल्या. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकामुलींनी खिळे जुळवून ते छापलं. ज्यांचे फोटो तुम्ही पुसताय, त्या माणसांना मागे वळून बघत बसायला सवड नव्हती.

आता आपली पेटी. काल मी ती उघडली. भाता उंदरांनी कुरतडलाय, मधल्या सप्तकातला पंचम दाबला की वर येतच नाही. दोन वर्षं झाली, कुणी हात लावलेला नाही. आणि तिच्यावर डकवायला तुम्ही पितळी पाटी करायला टाकली आहे! मुकी पेटी मांडून कुणाला दाखवणार? गेल्या रविवारी सात वर्षांची एक पोर माझा पदर ओढून म्हणाली, “बाई, आम्हाला भजन कधी शिकवणार?” मला उत्तर देता आलं नाही. तिच्यासमोर मान खाली घालायची वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत, आणि मीही इतके दिवस गप्प बसले, हा माझा गुन्हा.

हा कागद परत घ्या. पाटी रद्द करा, ते पैसे पेटी दुरुस्त करणाऱ्याला द्या. प्रदर्शन एका दिवसात आटपा, उरलेले दोन दिवस मुलांचे. ज्यांना तबला येतो त्यांनी हात वर करा. तू, आणि मागची तू. शनिवारी चार वाजता इथेच. त्या पोरीला मी आजच निरोप धाडते.